जमीलभाईंची रजा

जमीलभाई फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नसत. "बोल, काय बिघडलं?" असं म्हणत. समोर कोण आहे याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसे. एकदा ईदच्या सकाळी अकोल्याहून त्यांच्या लेकीचा फोन आला. तिलाही त्यांनी हेच विचारलं आणि ती म्हणाली, "कुछ नहीं बिगडा अब्बा, ईद मुबारक." हा किस्सा त्यांच्या बायकोनं, नसीमभाभींनी, आमच्या ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर सांगितला होता. तेव्हा सगळ्यात जास्त जमीलभाईच हसले होते.

यवतमाळात आमची छोटी कंपनी आहे. कापसाच्या जिनिंग मिल, शाळा, दवाखाने यांना आम्ही हजेरीचं आणि कामकाजाचं सॉफ्टवेअर देतो, आणि ते ज्या सर्व्हरवर चालतं तो सर्व्हरही सांभाळतो. कोणाचा सर्व्हर दिग्रसला कापसाच्या गठाणींशेजारच्या खोलीत, कोणाचा पुसदला शाळेच्या कपाटामागे. या सगळ्यांनी एका शिस्तीत वागावं म्हणून ऑफिसात एक मुख्य सर्व्हर होता. घड्याळ कसं लावायचं, आत कोणाला येऊ द्यायचं, कोणतं काम किती वाजता सुरू करायचं, अशा सगळ्या सेटिंगचे नियम त्याच्यावर लिहिलेले. तो थोड्या थोड्या वेळानं प्रत्येकाला विचारणार, सांगितल्यासारखा आहेस ना बाबा? नसेल तर कान धरून सरळ करणार. आणि या मुख्य सर्व्हरचा कान धरणारा माणूस जिल्ह्यात एकच होता, जमीलभाई.

उंच, जरा पुढे वाकलेले, उन्हाळ्यात डोक्याला ओला दुपट्टा. ऑफिसात एसी फक्त सर्व्हरच्या खोलीत होता, त्यामुळे एप्रिलपासून पुढे सगळ्यांच्या ताकाच्या बाटल्या त्याच खोलीत, त्यांच्या परवानगीनं. परवानगी अशी की आल्यागेल्या प्रत्येक बाटलीतला एक घोट त्यांचा. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहानं पासवर्ड मागितला. ते म्हणाले, "पहिले चहा, मंग पासवर्ड. माणूस कसा चहा पिते ते पाह्यल्याशिवाय मी कोणाले किल्ली देत नाही." मी बशीत ओतून प्यायलो. पास झालो. मला ते शेवटपर्यंत 'इंजिनेर' म्हणत राहिले, आणि त्यात कौतुक किती आणि चिमटा किती हे मला कधी कळलं नाही.

त्यांनी पूर्ण रजा कधी घेतलीच नव्हती. म्हणजे घरी असत, लग्नाला जात, पण फोन कुर्त्याच्या खिशात. मेव्हण्याच्या लग्नात बिर्याणीचा पहिला घास हातात धरून त्यांनी एका दवाखान्याचा सर्व्हर फोनवरून चालू करून दिला होता. भाभी म्हणत, "मेरी एकच सौत है, वो ऑफिस में एसी खाते बैठती."

अशात त्या दोघांचं हजच्या सोडतीत नाव निघालं. आधी तीनदा नंबर हुकला होता. ऑफिसात पेढे आले. पेढा तोंडात असतानाच आमचे मालक वानखडे साहेब म्हणाले, "जमीलभाई, पण महिना-सव्वा महिना सर्व्हर कोण पाह्यल?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेढा गिळला आणि जमिनीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर जमीलभाईंना सुट्टी द्यायला कोणाचीच ना नव्हती, पण त्यांच्याशिवाय दिवस काढायचा धीरही कोणात नव्हता.

आणि भाभींचे गुडघे गेलेले होते. डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं की चालायचं असेल तर यंदा चाला, पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असं म्हणायची सोय नव्हती.

तेव्हा वानखडे साहेबांनी क्लाउडच्या सेवेचं काढलं. एक कंपनी म्हणत होती, तुमचा मुख्य सर्व्हर आमच्याकडे चालवू. त्याची वीज, दुरुस्ती, बॅकअप, सुधारणा सगळं आमचं. तुम्ही फक्त नियम लिहा. घ्यायची की नाही हे तपासायचं काम साहेबांनी जमीलभाईंनाच दिलं. ती सेवा पास झाली तर जमीलभाई हजला जाणार. मला वाटलं, आता हे डोळे मिटून पास करतील. कोणीही केलं असतं.

कसलं काय! पुण्याहून त्या कंपनीचा आदित्य नावाचा तरुण व्हिडिओ कॉलवर आला. गुणी पोरगा, छान बोलत होता. जमीलभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटा, यायचा रस्ता तं तू चांगला दावला. आता जायचा दाव."

"म्हणजे सर?"

"म्हणजे उद्या आमचं पटलं नाही, नाही तं तुम्हीच दुकान बंद केलं, तं आमचे नियम घेऊन आम्ही घरी कसे येऊ?"

आदित्यला हा प्रश्न आधी कोणी विचारला नसावा. त्यानं दोन दिवस मागितले, आणि खरोखर दोन दिवसांनी सगळं नीट करून दाखवलं. नियमांची प्रत कायम आपल्याकडे राहील, असं ठरलं. जमीलभाई खूश. मग तो म्हणाला की आमचा सर्व्हर आठवड्यातून एक तास स्वतःची डागडुजी करतो, ती वेळ तुम्ही निवडा. आधीपासून नेमलेली वेळ आपल्या सोमवारच्या सकाळी पडत होती.

"शुक्रवारी दुपारी एक ते दोन लाव," जमीलभाई म्हणाले.

"दुपारी? सर, सगळे जण मध्यरात्र घेतात."

"त्या घंट्यात मी जुम्याच्या नमाजले असतो. पूर्ण जिल्ह्याले माहीत आहे. दिग्रसच्या शेठपासून पुसदच्या शाळेपर्यंत कोणी फोन करत नाही. जे बिघडवायचं ते दोन वाजल्यावर बिघडवतात."

आदित्यनं निमूटपणे तीच वेळ टाकली.

मग चाचण्या. पहिल्या दिवशी जमीलभाईंनी एका सर्व्हरचं सेटिंग मुद्दाम बिघडवलं आणि खुर्ची ओढून पाहत बसले. थोड्याच वेळात क्लाउडवरच्या मुख्य सर्व्हरनं ते आपोआप जागेवर आणलं. "अरे वा रे पठ्ठ्या!" म्हणून त्यांनी माझ्याच पाठीत धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन-तीन सर्व्हरांचा क्लाउडशी संपर्कच तोडून टाकला. शेवटी सांगितलेले नियम पाळत ते दुपारभर आपापलं काम करत राहिले. जमीलभाई म्हणाले, "बाप बाहेरगावी गेला तरी लेकराईनं सांगितल्यासारखं वागलं पाह्यजे. हे वागून राह्यले." त्या दुपारी त्यांनी भाभींना फोन करून जाड तळव्याच्या चपला घेऊन ठेवायला सांगितलं.

एका बुधवारी आम्ही जिल्ह्यातले सगळे सर्व्हर त्या सेवेखाली आणले. संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन सुरू झाले.

पहिला दिग्रसच्या जिनिंग मिलमधून. शांताबाई नावाची कामगार बाई होती, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"भाऊ, भोंगा काहून उशिरा वाजला आज? एसटी गेली ना आमची! आता गावाले कशानं जाऊ, कापसाच्या गठाणीवर बसून?"

मिलचा भोंगा आमच्या हजेरीच्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे सर्व्हरच्या घड्याळावर वाजतो. त्या गावांकडे जाणारी शेवटची एसटी मिल सुटायच्या वेळेलाच निघायची. म्हणून जमीलभाईंनी कधीतरी ते घड्याळ दहा मिनिटं पुढे करून ठेवलं होतं. क्लाउडच्या सर्व्हरला यातलं काय ठाऊक? त्याला घड्याळ चुकलेलं दिसलं, त्यानं बरोबर केलं. जमीलभाईंनी शेठला फोन करून मिलचा टेम्पो बायांना सोडायला पाठवला, तोवर दुसरा फोन वाजत होता.

पुसदच्या शाळेतून. मग एका दवाखान्यातून. मग तांड्यावरच्या आश्रमशाळेतून, राठोड सरांचा. सर तर चिडलेच होते. "जमीलभाई, माह्यासाठी दरवाजा बंद केला तुम्ही? मले आतच घेऊन नाही राह्यला तो!"

हळूहळू उलगडा झाला. एवढ्या वर्षांत ज्यानं जे मागितलं ते जमीलभाईंनी ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर हातानं करून दिलं होतं. आणि जुन्या मुख्य सर्व्हरला अशा ठिकाणी सांगून ठेवलं होतं, नुसतं पाह्य, हात लावू नको. आमची जिल्ह्यातली सगळी शिस्त म्हणजे वरून नियम आणि खालून ओळखीपाळखी. क्लाउडनं एका दिवसात सगळी ओळख पुसून टाकली. आम्ही घाईघाईनं सगळ्यांना पुन्हा जुन्या सर्व्हरखाली आणलं.

वानखडे साहेबांनी कपाळाला हात लावला. "जमीलभाई, हे काय काय करून ठेवलं तुम्ही?"

"लोकाईनं सांगितलं, केलं."

"कुठं कुठं?"

"ते आठवत नाही ना! आठवायसारखं काही होतं काय त्यात?"

कुठे काय वेगळं आहे हे संगणक दाखवत होता. पण ते का वेगळं आहे, अजून हवं आहे का, हे तो कसं सांगणार? जमीलभाई खुर्चीत बसले, दुपट्टा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "सेवा चांगली आहे साहेब. मीच तिले पास होऊ देत नाही. मी काही जात नाही हजले. घरी सांगतो." त्यांना इतकं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू येईलसं झालं, म्हणून मी उगाच ताक आणायला आत गेलो.

दुसऱ्या दिवशी नसीमभाभी स्वतः आल्या. आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या वर आल्या, डबा टेबलावर ठेवला आणि दम खाऊन म्हणाल्या, "खाना भूल के आए. और क्या क्या भूले, वो भी सुनी मैं."

जमीलभाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"हज को जाने के पहले सबके पास जाना तो हैच ना, कहा-सुना माफ करवाने?"

"हाँ, वो तो है."

"तो तब्बीच पूछ लो, किसके यहाँ क्या करके रखा. माफी की माफी, काम का काम."

हजला निघण्याआधी ओळखीच्या प्रत्येकाला भेटून, माझं काही चुकलं असेल, कधी वाकडं बोललो असेन तर माफ करा, म्हणायचं, ही पद्धत आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण तिचा असा उपयोग होईल हे आम्हा पदव्या घेतलेल्यांच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. वानखडे साहेब तर उठून उभेच राहिले आणि भाभींना म्हणाले, "उद्यापासून तुम्हीच या ऑफिसले."

मग मी मोटरसायकल चालवायची आणि जमीलभाईंनी मागे बसून माफ्या मागायच्या, असा आमचा दौरा सुरू झाला.

दिग्रसच्या शेठनं आधी आम्हाला सोडा पाजला. माफी ऐकून घेतली आणि हसून म्हणाला, "दहा मिनिटं पुढं आहे ते मले माहीत नव्हतं काय जमीलभाई? माह्या हातात घड्याळ आहे ना. सकाळी बायाही दहा मिनिटं लवकर येतात. कोणाचं काय गेलं?" जमीलभाईंनी तिथेच नवा नियम लिहायला लावला. घड्याळ खरं, भोंगा दोन्ही वेळेला दहा मिनिटं आधी. बाहेर शांताबाईनं त्यांना गाठलं. "माफी कायची भाऊ? आमच्यासाठी तिथं दोन शब्द बोलजा, म्हणजे झालं." जमीलभाईंनी मान हलवली आणि मोटरसायकलवर बसले.

पुसदच्या शाळेत सर्व्हर दुपारी दोन तास प्रिंटर बंद ठेवायचा. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. प्रिंटर बिघडलेला आहे, असंच सगळे समजून चालले होते. शेवटी ऑफिसातल्या काळेबाई लाजत म्हणाल्या, "भाईजान, मीच सांगितलं होतं तुम्हाले. माही पोरगी पाळण्यात होती, इथंच निजवत होती मी तिले. प्रिंटरच्या आवाजानं उठायची."

"मंग आता कुठी आहे पोरगी?"

काळेबाईंनी खिडकीतून हाक मारली. दोन वेण्या घातलेली, आठवीतली एक पोरगी धावत आली. जमीलभाई इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तुह्या झोपीपायी पूर्ण शाळेचे निकाल अडून राह्यले होते. झाली काय झोप?" तो नियम त्यांनी तिच्याच हातानं पुसायला लावला.

राठोड सरांकडे मात्र गाडी अडली. तांड्याजवळच्या त्या आश्रमशाळेचे सर मुख्याध्यापक. पासवर्ड विसरण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. कोणाचाही काही वेळा पासवर्ड चुकला की सर्व्हर त्याला दार बंद करतो, तसा नियमच आहे. सरांसाठी जमीलभाईंनी तो काढून टाकला होता, कितीही चुका, चालेल. म्हणजे चोरालाही तेवढीच सवलत! शाळेतल्या सगळ्या लेकरांची माहिती त्या सर्व्हरवर. जमीलभाई म्हणाले, "सर, ही एक गोष्ट मी गलत केलती. हे आता चालू ठेवता येत नाही. माफ करा."

सर बाजेवर मांडी घालून बसले होते. म्हणाले, "नाही करत."

मला वाटलं गंमत करताहेत. नव्हते करत. "तुम्हाले माफी पाह्यजे, मले दरवाजा उघडा पाह्यजे. तुम्ही द्या, मी देतो."

एवढ्या दौऱ्यात पहिल्यांदाच कोणी नाही म्हणालं होतं. माफी न घेता निघायचं जमीलभाईंच्या मनाला पटणारं नव्हतं. आणि खोटा नियम मागे ठेवून जाणंही नाही. एका माणसाच्या हट्टापायी भाभींचा प्रवास बाजेपाशी अडलेला मला दिसत होता आणि मी मनातल्या मनात सरांना चार शिव्या घालून घेतल्या. जमीलभाईंनी मात्र दुसरा चहा मागवला. तिसराही. इकडचं तिकडचं बोलत राहिले, सरांच्या गावाचं, त्यांच्या लहानपणाचं. मग मध्येच म्हणाले, "सर, तुमची याडी सकाळी तुम्हाले उठवायची, तव्हा काय म्हणायची हो?"

सर चमकले. याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, गोरबोलीत, आई. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते जरा वेळ बाजेच्या सुंभाकडे पाहत राहिले, आणि मग त्यांच्या बोलीत एक अख्खं वाक्य म्हणाले. लांबलचक, एका श्वासात, मधे कुठे न अडखळता.

"हे विसरसाल काय कधी?"

"हे कसं विसरीन?"

"मंग हाच तुमचा पासवर्ड. अक्षर अन् अक्षर. एवढा लांब पासवर्ड जिल्ह्यात कोणाचा नाही. चोराच्या बापाले येत नाही."

सरांनी ते वाक्य पहिल्याच झटक्यात बरोबर टाकलं. दुसऱ्यांदा टाकलं. तिसऱ्यांदा तर नुसत्या हौसेनं. मग चष्मा पुसला, उठून जमीलभाईंना मिठी मारली आणि म्हणाले, "माफ. सगळं माफ. आधीचंही अन् पुढचंही." ते वाक्य काय होतं ते मला आठवतं, पण सांगणार नाही. पासवर्ड अजून तोच आहे.

आम्ही सगळे सर्व्हर पुन्हा क्लाउडखाली आणले तेव्हा फोन वाजले नाहीत. जमीलभाईंनी सेवेला पास केलं. आदित्यला त्यांनी शेरा सांगितला तो असा, "चीज चांगली आहे बेटा. फक्त तिले कोणी ओळखीचं नव्हतं. आता ओळख करून देली." हजहून आल्यावर ते फार दिवस ऑफिसात राहिले नाहीत. आता दोघं अकोल्याला लेकीकडे असतात. फोन केला तर अगदी शांतपणे 'हॅलो' म्हणतात आणि मलाच चुकल्यासारखं होतं.

पण मला जमीलभाई म्हटलं की यवतमाळचा एसटी स्टँडच आठवतो. हजच्या विमानासाठी नागपूरला जायची गाडी लागली होती. त्यांना पोचवायला इतकी माणसं आली होती की कंडक्टरला वाटलं कोणी पुढारी चढतोय. वानखडे साहेब होते, काळेबाई होत्या, राठोड सर पाण्याच्या बाटल्या घेऊन आले होते. गळ्यात इतके हार की जमीलभाईंची नुसती दाढी दिसत होती. भाभींना काळेबाईंनी हात देऊन वर चढवलं. त्या खिडकीशी बसल्या नाहीत, जमीलभाईंना बसवलं, सगळ्यांना पाहता यावं म्हणून.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. ऑफिसचा फोन मी त्या दिवसापासून माझ्याकडे वळवला होता. दिग्रसची मिल. मी फोन हातात धरून उभा राहिलो. वानखडे साहेब माझ्याकडे पाहत होते आणि मी खिडकीकडे. जमीलभाईंचा हात आपोआप खिडकीच्या गजावर आला, ते अर्धे उठले. शेजारी भाभी समोर पाहत बसल्या होत्या.

फोन वाजतच होता. जमीलभाई पुन्हा खाली बसले. दोन्ही हातांनी हार जरा बाजूला केले आणि खिडकीतून मला ओरडले,

"उचल ना मंग! माह्याकडे काय पाहून राह्यला?"

आणि त्यांनी काच ओढून घेतली.